पाणी अडवू नका, पाणी जिरवू नका : एसीचं पाणी आणि घराची भिंत

आपल्या नगर जिल्ह्याला 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही दोन्ही गावं आपलीच. शिवारात पाणी अडलं, जिरलं, की विहिरीला पाणी येतं. पण घरात एक जागा अशी आहे जिथे हा मंत्र बरोबर उलटा लागू होतो : एसीच्या पाण्याची नळी. तिथे पाणी अडलं की ते भिंतीत जिरतं, आणि मग रंग, पीओपी, फर्निचरचं प्लायवूड, शेवटी वायरिंग असा एकेकाचा नंबर लागतो.

माझ्या पीएचडीचा विषय सच्छिद्र पदार्थांत पाणी कसं शिरतं आणि कसं बाहेर पडतं हा आहे. हे कळल्यापासून ओळखीचे लोक दरवर्षी जूनमध्ये साधारण एकच प्रश्न विचारतात. "एसी एप्रिलमध्ये बसवला. दोन महिने काही तक्रार नव्हती. आता अचानक आतून पाणी टपकतंय. यंत्रच खराब निघालं का गं?"

बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं. दोष एप्रिलपासूनच असतो, फक्त आपल्या कोरड्या उन्हाळ्याने तो झाकून ठेवलेला असतो. आजचा सगळा लेख या एका गोष्टीवर आहे, कारण ती समजली की उपाय कधी करायचा हेही आपोआप समजतं.

एसी मुळात हवा सुकवण्यासाठी जन्मला

१९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सॅकेट-विल्हेल्म्स नावाच्या छापखान्याची एक अडचण होती. हवा दमट झाली की कागद फुगायचा, कोरडी झाली की आकसायचा. रंगीत चित्र छापताना प्रत्येक रंग वेगळा छापावा लागे, त्यामुळे दोन छपायांच्या मध्ये कागद केसभर जरी हलला तरी रंग एकमेकांवर नीट बसत नसत. विलिस कॅरिअर या २५ वर्षांच्या इंजिनिअरने त्यावर उपाय काढला : थंड नळ्यांवरून हवा फिरवायची, म्हणजे तिच्यातली वाफ नळ्यांवर पाणी होऊन बसेल. खोलीतल्या माणसांना गारवा मिळावा हा तेव्हाचा मुख्य हेतू नव्हता. हवेतलं पाणी काढणं हे काम होतं.

म्हणजे एसीतून पाणी येणं हा बिघाड नाहीच. पाणी आलंच पाहिजे. प्रश्न एवढाच, की ते कुठून बाहेर पडतं.

उन्हाळ्यात थंडगार ताकाचा स्टीलचा ग्लास टेबलावर ठेवला की त्याला बाहेरून घाम येतो, ते तुम्ही पाहिलंच आहे. हवा जितकी थंड, तितकी तिची वाफ सामावून घ्यायची क्षमता कमी. ज्या तापमानाला ती क्षमता संपते आणि पाणी सुटायला लागतं, त्याला दवबिंदू म्हणतात. एसीच्या आतली कॉइल चालू असताना साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. खोलीतल्या हवेचा दवबिंदू त्याहून वर असेल, तर कॉइलवर पाणी जमणार. जितका वर, तितकं जास्त.

कूलरचं काम बरोबर याच्या उलट. तो पाण्याची वाफ करतो, आणि वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते. आपल्याकडची मे महिन्यातली हवा कोरडी, म्हणून इथे कूलर चांगला चालतो. निजामशाहीत फराहबागेचा महाल तलावाच्या मधोमध बांधला, त्यालाही याच कोरड्या हवेचा फायदा मिळत असणार. पण पहिला पाऊस पडला, की कूलर नुसता चिकचिक वाढवतो आणि आपण एसीचा रिमोट शोधायला लागतो. एसीच्या नळीची खरी परीक्षा नेमकी तेव्हा सुरू होते.

मे आणि जून : थोडी आकडेमोड

दोन दिवस डोळ्यांसमोर आणा. पहिला, मेमधली कडक दुपार : ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता. दुसरा, जूनअखेरची उकाड्याची संध्याकाळ : ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता.

पहिल्या हवेत दर घनमीटरला साधारण १० ग्रॅम वाफ असते आणि तिचा दवबिंदू १३ अंशांच्या आसपास येतो. दुसऱ्या हवेत तापमान कमी असूनही वाफ सुमारे २१ ग्रॅम असते, आणि दवबिंदू २४ अंशांच्या जवळ. १० अंशांच्या हवेत जास्तीत जास्त साडेनऊ ग्रॅम वाफ मावते. म्हणजे बाहेरून खोलीत शिरलेल्या प्रत्येक घनमीटर हवेतून कॉइलला मेमध्ये जेमतेम १ ग्रॅम पाणी मिळू शकतं, आणि जूनमध्ये १२ ग्रॅमपर्यंत.

आता दहा बाय दहाची बंद बेडरूम घ्या. तिच्यात साधारण ३० घनमीटर हवा असते. फटींमधून तासाभरात तेवढीच हवा बाहेरून आत आली असं धरू. शिवाय झोपलेली दोन माणसं श्वास आणि घामातून मिळून तासाला १०० ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतात. हिशेब केला तर मेमध्ये तासाला साधारण १३० मिली पाणी निघेल, म्हणजे कपभर. जूनमध्ये तेच ४५० मिली, जवळजवळ अर्धा लिटर. हॉलमध्ये एसी असेल, दाराची सतत उघडझाप असेल, शेजारच्या खोलीत कूलर चालू असेल, तर हा आकडा तासाला एक-दीड लिटरवर सहज जातो. अशा हॉलमध्ये आठ तासांत बादली भरते.

आकडे मी कागदावर मांडलेत. तुमच्या घरचा आकडा काढायला नळीच्या बाहेरच्या टोकाखाली रात्रभर बादली ठेवा आणि सकाळी लिटरच्या मापाने मोजा. फक्त नळीचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडू देऊ नका. कारण पुढे येईलच.

मुद्दा लक्षात आला ना? अर्धी तुंबलेली नळी तासाला कपभर पाणी आरामात वाहून नेते. मे महिना निभावतो. जूनमध्ये पाणी तिप्पट, चौपट किंवा त्याहून जास्त झालं, की तीच नळी कमी पडते. कॉइलखालचा ट्रे उथळ असतो. समजा त्यात अर्धा लिटर पाणी मावतं आणि तासाला दीड लिटर येतंय, तर नळी पूर्ण बंद असताना वीस मिनिटांत ट्रे भरून पाणी भिंतीवर उतरेल.

पाणी अडतं कुठे?

या नळीला कुठलाही पंप नसतो. पाणी फक्त उताराने वाहतं. त्यामुळे बिघाडाची कारणंही साधी असतात.

उतार : आडव्या नळीला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार हवा. प्रत्यक्षात नळी मध्येच लोंबते, किंवा खिडकीच्या चौकटीवरून वर चढून मग खाली येते. अशा झोळात पाणी साठतं, गाळ बसतो. आतलं युनिट पाण्याच्या तोंडाच्या उलट दिशेला कललेलं असेल, तर ट्रेमधलं पाणी तोंडापर्यंत पोचतच नाही.

चिखल : फिल्टरमधून निसटलेली धूळ ओल्या कॉइलवर चिकटते आणि पाण्याबरोबर ट्रेमध्ये येते. तिथे जिवाणू आणि बुरशी मिळून बुळबुळीत थर तयार करतात. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ काय कमी असते? त्यात साखर कारखान्याजवळ राहत असाल तर गळीत हंगामातली राख वेगळी.

बाहेरचं टोक : टोक बादलीतल्या पाण्यात किंवा डबक्यात बुडालं की नळीतली हवा अडकते आणि पाणी वरच थांबतं. हिवाळाभर एसी बंद असताना कुंभारीण माशी अशाच नळ्यांच्या तोंडाशी मातीचं घर बांधते. उन्हाळ्यात एसी सुरू करताना ते कुणी बघत नाही.

बर्फ : फिल्टर गच्च भरला किंवा गॅस कमी झाला, तर कॉइलवर बर्फ जमतो. एसी बंद केला की तो एकदम वितळतो आणि पाणी ट्रेच्या बाहेर पडतं. चालू असताना कोरडं आणि बंद केल्यावर टपटप, असं दिसलं तर आधी बर्फाचा संशय घ्या.

घाम : कधीकधी नळी ठणठणीत असते आणि पाणी तांब्याच्या थंड पाइपवरून येत असतं. पाइपवरचं फोमचं आवरण फाटलं, की जूनच्या २४ अंश दवबिंदूच्या हवेत त्याला त्या ताकाच्या ग्लाससारखा घाम फुटतो. मेमध्ये हा पाइपही जवळपास कोरडाच राहतो, म्हणून फाटलेलं आवरण लक्षात येत नाही.

भिंतीच्या आत काय चालतं

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. वीट, प्लास्टर, पीओपी हे सगळे सच्छिद्र पदार्थ. त्यांच्यातली छिद्रं केसाहून बारीक, आणि पाणी त्यांत ओढलं जातं, जसं स्टोव्हच्या वातीत रॉकेल चढतं. १९१८ मध्ये लुकास आणि १९२१ मध्ये वॉशबर्न यांनी या ओढीचं गणित मांडलं. त्याचा सारांश असा : पाण्याने कापलेलं अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं.

साध्या भाषेत सांगायचं तर, ओल पहिल्या तासात ५ सेंटिमीटर गेली असेल, तर १० सेंटिमीटर जायला दोन नव्हे, चार तास लागतात. १५ सेंटिमीटरला नऊ तास. सुरुवात वेगवान, मग संथ. म्हणून गळती दिसल्यावर पहिल्या तासात केलेल्या कामाला सगळ्यात जास्त किंमत आहे. "रविवारी बघू" म्हणेपर्यंत मोठं नुकसान होऊन गेलेलं असतं.

याच गणितातून एक फसवी गोष्टही निघते. ओल पसरते तशी भिंतीचा जास्त पृष्ठभाग हवेशी येतो आणि तिथून पाणी उडून जातं. एक वेळ अशी येते, की जेवढं पाणी आत येतंय तेवढंच बाहेर उडतंय. तेव्हा डाग वाढायचा थांबतो. घरातले म्हणतात, "थांबलं बरं का." खरं तर गळती चालूच असते, फक्त जमा आणि खर्च सारखे झालेले असतात.

इथे मे आणि जूनचा फरक पुन्हा येतो. मेमध्ये कोरडी हवा भिंतीतली थोडीफार ओल लगेच ओढून घेते, त्यामुळे छोट्या गळतीचा डागसुद्धा दिसत नाही. जूनमध्ये हवेतच दमटपणा असल्यामुळे भिंत सुकत नाही. म्हणजे पाणी वाढतं आणि सुकणं मंदावतं, दोन्ही एकाच वेळी. 'अचानक' गळायला लागलं असं वाटतं ते यामुळे.

नुकसान कशाचं होतं ते घरावर अवलंबून आहे. पीओपी म्हणजे जिप्सम, ते पाण्यात थोडं विरघळतं आणि ओलं झालं की त्याची ताकद बरीच कमी होते. फॉल्स सीलिंगचा तुकडा खाली येतो तो असा. सिमेंटच्या भिंतीत पाणी आतले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात, आणि भिंतीला लोणा लागतो. वरून कितीही भारी रंग मारा, क्षाराचे खडे त्याला आतून ढकलून पोपडे काढतात. गावठाणातल्या मातीच्या भिंतींच्या आणि माळवदाच्या घरांत तर जास्त सावध राहायला हवं. तिथे आजकाल खाली एक खोली दुरुस्त करून एसी बसवतात आणि नळी बाहेर मातीच्या भिंतीलगत सोडून देतात. रोज काही लिटर पाणी त्याच जागी, भिंतीच्या पायाशी. पावसाला निदान उघडीप असते, या पाण्याला रात्रीचीही सुट्टी नाही.

एक लिटरची परीक्षा

उपाय महाग नाही. जूनची वाट न बघता, एप्रिल-मेमध्येच जूनइतकं पाणी स्वतः ओतून बघायचं.

१. आधी एमसीबी बंद करा. नुसता रिमोटने एसी बंद करणं पुरेसं नाही.

२. पुढचं झाकण उघडून फिल्टर काढा आणि धुवा. ज्या बाजूला सर्किट असतं (पुष्कळ यंत्रांत उजवीकडे) तिकडे पाणी जाता कामा नये. खात्री नसेल तर हे काम सर्व्हिसवाल्याकडून, पण आपल्या समोर करून घ्या.

३. बाहेर नळीच्या टोकाखाली मापाचं भांडं घेऊन एकाला उभं करा. आत दुसऱ्याने बाटलीने कॉइलवर हळूहळू २०० मिली पाणी सोडायचं. बाहेर पाणी आलं नाही तर तिथेच थांबा, नळी तुंबली आहे.

४. पाणी येत असेल तर उरलेलं ८०० मिली पाच मिनिटांत सोडा. हा वेग जूनच्या पाण्याच्या कितीतरी पट आहे. थोडं पाणी ट्रेमध्ये राहील, बाकी जवळपास सगळं बाहेर आलं आणि आत एक थेंबही पडला नाही, तर तुमची नळी पास.

५. नापास झाली, तर बाहेरच्या टोकाकडून ओलं ओढणाऱ्या व्हॅक्यूमने गाळ ओढून काढायचा. आतून जोराची हवा मारली तर भिंतीतला जोड निसटू शकतो, आणि मग गळती दिसणारही नाही. नळीत बाथरूमचं अ‍ॅसिड ओतू नका, ते उडून ॲल्युमिनियमच्या कॉइलला लागलं तर कॉइल खराब होते.

हीच परीक्षा नवीन एसी बसवणाऱ्या माणसाकडून, पैसे देण्याआधी करून घ्या. "साहेब, पाणी बरोबर जातंय" हे तोंडी नको, लिटरभर ओतून दाखवू दे. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाच्या देखत करा. पुढे भिंत कुणामुळे खराब झाली आणि डिपॉझिटमधून किती कापायचं, हा वाद तिथेच मिटतो.

बाकी रोजची काळजी : एसीच्या हंगामात दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुणं, बाहेरचं टोक जमिनीपासून आणि भिंतीपासून थोडं दूर ठेवणं, आणि हिवाळ्यात त्या टोकाला बारीक जाळी बांधणं. मार्चमध्ये जाळी काढून साफ करायची, नाहीतर तीच गाळ अडवते. पीओपीच्या वर लपवलेलं युनिट असेल तर खाली दुसरा ट्रे आणि फ्लोट स्विच बसवून घ्या. पाणी वाढलं की तो तरंगून वर येतो आणि एसी बंद करतो, आपल्या टाकीतल्या बॉलकॉकच्या जातीचाच प्रकार.

टपकायला लागलंच तर

एसी बंद, एमसीबी बंद. खाली बादली, आणि जवळच्या सॉकेटमधल्या पिना काढायच्या आधी त्या सॉकेटची लाइनही बंद. भिंत पुसून घ्या, पंखा त्या दिशेला लावा, कपाट भिंतीपासून हात-दोन हात पुढे ओढा. ओल दोन दिवस राहिली तर बुरशी धरायला लागते, म्हणून हे त्याच दिवशी करायचं.

डागाच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. गळती खरंच थांबली असेल तर डाग रेघेच्या आत आकसत जातो. रेघेवरच थांबला असेल तर तो मघाचा जमा-खर्चाचा खेळ समजा. रंगकाम मात्र लगेच नको. भिंत शोषते पटकन, सोडते फार सावकाश. वरचा थर कोरडा दिसला तरी आतली ओल वाफ होऊनच बाहेर येते, आणि पावसाळ्यात त्याला आठवडे लागतात. दिवाळीच्या आधी, हवा कोरडी झाल्यावर रंगवलेली भिंत टिकते.

आणि ते पाणी?

हवेतून आलेलं असल्यामुळे त्यात आपल्या बोअरच्या पाण्यासारखे क्षार नसतात. फरशी पुसायला, झाडांना, गाडी धुवायला उत्तम. पिऊ नका : ते धुळीच्या कॉइलवरून आणि बुळबुळीत ट्रेमधून आलेलं आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका, कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश त्यात उतरलेले असू शकतात.

टँकरची सवय असलेल्या जिल्ह्यात जूनच्या रात्री बादलीभर पाणी फुकट मिळत असेल, तर ते नळीतून बादलीत आणि बादलीतून कढीपत्त्याच्या झाडाला जाऊ दे. अडवायचं आणि जिरवायचं असेल, तर तिथे.

एक लिटरची परीक्षा केलीत तर किती मिली बाहेर आलं ते मला जरूर कळवा.